चंदेरी किंकाळीचे पाच भाग

पहिल्या भागाचं सातवं पान वाचून झालं तशी सुगंधा तुळसकरने कानावरचा हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि काचेपलीकडे बसलेल्या केयूरला विचारलं, "ही मुलगी शाळेत जाते की ब्युटी पार्लरमध्ये?"

"कोण मुलगी, ताई?"

"ही तुझी ऑर्ला. सात पानांत चार वेळा केस विंचरले, दोनदा आरशात बघितलं, मध्ये एक माणूस मेला. दप्तर अजून उघडलेलं नाही."

केयूर हसला. सत्तावीस वर्षांचा केयूर अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ चालवायचा. एका अ‍ॅपसाठी तो मराठी ऑडिओबुकं बनवत होता, आणि ‘चंदेरी किंकाळी’ नावाची पाच भागांची मालिका त्याच्याकडे आली होती. खालच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचं मशीन होतं. ते घरघरायला लागलं की रेकॉर्डिंग थांबायचं. सुगंधा ह्या थांबण्याची वाटच बघायची. तेवढ्या वेळात तिला मनसोक्त नावं ठेवता यायची.

मालिका बॅन्शींची होती, ऑर्लाही त्यातलीच. बॅन्शी म्हणजे आयर्लंडच्या जुन्या गोष्टींतली एक बाई. कुणाच्या घरी मरण येणार असलं की ती आधी येऊन विलाप करते. इथपर्यंत सुगंधाला काही अडचण नव्हती. तिची आजी सावंतवाडीकडची, असल्या बायकांच्या गोष्टी तिने पोटभर ऐकलेल्या. पण ह्या मालिकेतल्या बॅन्शी सोळा वर्षांच्या होत्या, अमेरिकेतल्या एका गावात राहत होत्या आणि एकाच वर्गात चारजणी होत्या. कुणी मरणार असलं की त्यांच्या गळ्यात काहीतरी दाटायचं, डोळ्यांपुढे राखेसारखं धुकं यायचं आणि त्या किंचाळायच्या. बाकी सगळा वेळ त्या प्रेमात असायच्या. ऑर्लाचा जो कॉर्मॅक होता तो मृत्यूच्या खात्यात आत्मे गोळा करायचं काम करायचा. वय वर्षं तीनशे.

"तीनशे वर्षांचा झाला आणि अजून अकरावीत?" सुगंधाने विचारलं. "दरवर्षी नापास होतो काय?"

"ताई, तो तिच्यासाठी शाळेत येतो."

"म्हणजे म्हातारा शाळेच्या फाटकात उभा राहतो. आमच्या बोरीवलीला असा कुणी उभा राहिला असता तर बायकांनी चपलेने मारला असता."

नावं ठेवायचा अधिकार आपल्याला आहे असं सुगंधाला वाटायचं, आणि तो थोडाफार होताही. एकसष्ट वर्षांची ही बाई गेली पस्तीस वर्षं पैशासाठी रडत आणि किंचाळत आली होती. गिरणी कामगाराची मुलगी. वडील कामगारांच्या नाटकांत काम करायचे, त्यांच्यामागून ही पण स्टेजवर उभी राहायला लागली. गिरणी बंद पडली, घर बोरीवलीला काजूपाड्यात आलं, आणि नाटकातल्याच एकाने तिला डबिंगला नेलं. एका सिनेमात प्रेताभोवती आठ बायका रडत होत्या आणि डबिंगला तीनच आल्या होत्या. सुगंधाने एकटीने उरलेल्या पाचजणींचंही रडणं दिलं, प्रत्येकीचं वेगळं. एक हुंदके देणारी, एक हेल काढणारी, एक नुसतीच नाक ओढणारी. त्या दिवसापासून तिला काम कमी पडलं नाही. पडद्यावर तिचं तोंड कुणी कधी पाहिलं नाही, पण भुतांच्या मालिका, डब केलेले सिनेमे, जत्रेत हरवलेल्या पोरांच्या आया, सगळीकडे तिचा गळा होता. लाइनमध्ये लोक तिला ‘किंकाळीवाली सुगंधाताई’ म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाईट वाटायचं नाही.

म्हणूनच तिला ऑर्लाचा राग यायचा. किंचाळणं हे काम आहे. त्याला पोटातून जोर लागतो, घशाला सांभाळावं लागतं. ही पोरगी एका पानावर किंचाळायची, पुढच्या पानावर कॉर्मॅकच्या कानात कुजबुजायची.

"हिचा घसा बसत कसा नाही?" सुगंधा म्हणायची. "लेखिकेने जन्मात एकदा तरी ओरडून बघायचं होतं."

दुसरा राग होता भाषांतरावर. भाषांतर मुलुंडच्या श्रुतिका नावाच्या मुलीने केलं होतं. वय सव्वीस, एका शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवायची. पहिल्याच आठवड्यात सुगंधाने वाचता वाचता वाक्यं बदलायला सुरुवात केली आणि केयूरला शेवटी श्रुतिकाला स्टुडिओत बोलवावं लागलं. ती आली ती हातात पेन्सिल घेऊनच.

"‘त्याने आपला जबडा घट्ट केला,’" सुगंधाने वाचून दाखवलं. "जबडा काय नटबोल्टचा आहे?"

"त्याला राग आलाय, मावशी."

"मग राग आला असं लिही ना. आणि हे बघ. ‘आपण श्वास रोखून धरला आहे हे तिला माहीत नव्हते, तो तिने सोडला.’ माहीत नव्हतं तर सोडला कसा? आणि हे एकदा नाही, नऊ वेळा. मी खुणा केल्यात."

"मूळ पुस्तकात नऊ वेळा आहे," श्रुतिका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण ती उठून गेली नाही. "जबड्याचं तुमचं बरोबर आहे. तो बदलते. श्वास राहणार."

"का?"

"कारण ह्या पुस्तकाच्या वाचणाऱ्या मुलींना तो श्वास आवडतो. तुम्हाला नाही आवडत, मला पण नाही आवडत."

सुगंधाने केयूरकडे बघितलं. केयूरने लगेच कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. श्वास राहिला. सुगंधाने नऊच्या नऊ वेळा तो इतका मन लावून सोडला की पुढे ऐकणाऱ्या मुलींनी त्याचंच कौतुक केलं. तिला त्या कामाची लाज वाटली, पण काम वाईट करणं तिला जमायचं नाही.

तिला सगळ्यात जास्त खटकायचं ते वेगळंच होतं. प्रत्येक भागात कुणीतरी मरायचं. शाळेची सफाई करणारी बाई, लायब्ररीतला म्हातारा, पोहण्याच्या तलावावरचा रखवालदार. ऑर्ला त्यांच्यासाठी किंचाळायची, बेशुद्ध पडायची, कॉर्मॅक तिला उचलून घ्यायचा आणि मेलेला माणूस तिथेच राहायचा. त्याला नाव नसायचं. घरी कुणी आहे का, प्रेत कुणी उचललं, काही नाही. तीन पानांनंतर पोरगी नाचाच्या कार्यक्रमासाठी झगा निवडत असायची.

"एवढा गळा काढते," सुगंधा आपल्या मुलीला, मानसीला, फोनवर म्हणाली, "आणि ज्याच्यासाठी काढते त्याचं नाव पण हिला माहीत नाही."

मानसी घाटकोपरला बँकेत होती. ती म्हणाली, "आई, सोळा वर्षांच्या पोरींसाठी आहे ते. तू का एवढी चिडतेस?"

"सोळा वर्षांच्या पोरींना काय, माणसं मेलेली कळत नाहीत?"

पहिल्या दोन भागांतल्या सगळ्या किंकाळ्या तिने स्वतः दिल्या. अकरा होत्या. अकराव्या किंकाळीनंतर तिचा आवाज चार दिवस बसला. डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं की बोला, वाचा, पण ओरडणं बंद. तिने घरी आल्यावर डॉक्टरलाही नावं ठेवली. पण मीठ-पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.

तिसऱ्या भागात शाळेच्या बसचा ड्रायव्हर मरतो. ते प्रकरण वाचायचा दिवस आला तेव्हा खालचं मशीन बंद होतं आणि काम झपाट्याने चाललं होतं. किंकाळीची जागा आली तसा केयूर आपल्या माइकवरून म्हणाला, "ताई, इथे तुम्ही ओरडू नका. माझ्याकडे लायब्ररीत एक आहे. ती टाकतो."

लायब्ररी म्हणजे त्याच्या हार्ड डिस्कवरचा आवाजांचा साठा. दार करकरण्याचे, कुत्रे भुंकण्याचे, काच फुटण्याचे हजारो आवाज त्यात होते.

"कुणाची आहे?"

"काय माहीत. जुनी आहे. माझ्या सीनियरने दिलेली डिस्क, त्याला अजून कुणी दिलेली. पण काय जबरदस्त आहे, ताई! सगळे हीच वापरतात. शेवटी थोडा कचरा आहे, तो मी कापतो."

"न कापता ऐकव. तुमची जबरदस्त काय असते बघू."

त्याने लावली. हेडफोनमध्ये आधी एक बारीकसा "अं?" आला, कुणीतरी नीट ऐकू न आल्यासारखा. मग आवाज चढला. चढताना तो एकदा फाटला, पुन्हा सांधला आणि वर जाऊन तुटला. तुटल्यावर अगदी शेवटी, अर्धवट, "नि—"

आणि बंद.

सुगंधा हलली नाही. काचेतून केयूरला ती दिसत होती. हात मांडीवर, पानं समोर.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने परत लावली.

"नाव काय आहे फाइलला?"

"नाव काय... फीमेल स्क्रीम, इंडियन, रिअल, दोन."

"रिअल."

"हो, असंच लिहिलंय."

"ही मी आहे."

केयूर खुर्चीतून उठलाच. "काय सांगता! ताई, आठ वर्षं मी ही वापरतोय! म्हणजे ही लेजंड तुम्हीच? पहिलं नाही का सांगायचं!" तो बोलत राहिला, आणि मग त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं.

"ते काम नव्हतं रे," सुगंधा म्हणाली, आणि त्याला सगळं सांगितलं.

सुगंधाला एक भाऊ होता, नितेश. तिच्याहून दहा वर्षांनी लहान. बारावीनंतर नुसता फिरायचा म्हणून तिनेच ओळखीने त्याला लाइटच्या कामाला लावलं होतं. शहाण्णव साली मढच्या एका बंगल्यात शूटिंग होतं. पावसाचं गाणं होतं, टँकर आणून बागेत पाणी पाडत होते. खोट्या पावसात केबल भिजली. नितेशने लाइटचा स्टँड धरला आणि तो तिथेच गेला. तेवीस वर्षांचा होता.

निरोप आला तेव्हा सुगंधा अंधेरीतच, एका डबिंग थिएटरमध्ये होती. ती आत बूथमध्ये होती, माइक चालू होता. रडण्याचाच सीन होता. फोन देवदत्तकाकांनी घेतला. देवदत्तकाका म्हणजे तिथला रेकॉर्डिस्ट, पन्नाशीचा, सगळे त्याला काकाच म्हणायचे. तो उठून आत आला नाही. त्याने टॉकबॅकचं बटण दाबलं आणि हेडफोनमधून, तिच्या दोन्ही कानांत एकदम, सांगितलं, "सुगंधा, तुझा भाऊ गेला. मढला. शॉक लागला."

तिला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. एक चप्पल बूथमध्येच राहिली होती. रिक्षात कुणीतरी तिच्या डोक्यावर रुमाल टाकला होता. मढला जाताना खाडीजवळ बोटीसाठी थांबावं लागलं होतं, आणि रांगेत एक बाई टोपलीभर बोंबील घेऊन उभी होती. रेकॉर्डिंगच्या टेपचा स्पूल फिरत होता हे मात्र तिच्या डोक्यात तेव्हाही आलं नाही आणि पुढे इतक्या वर्षांत कधीही आलं नाही.

देवदत्तकाका तेराव्याला घरी आला होता. तिच्या वडिलांचा हात हातात घेऊन बसला, जेवला, वडे आणखी मागून घेतले. त्याच्या आधी किंवा नंतर कधीतरी त्याने तो स्पूल काढला, किंकाळी कापून वेगळी केली आणि डब्यावर नाव घातलं. नितेशचं नाव सुरू होतं तिथे त्याने ब्लेड चालवलं. नावाचा काही उपयोग नव्हता. पण हात किंचित उशिरा पडला आणि ‘नि’ राहिला. त्यालाच तेव्हापासून आतापर्यंत लोक कचरा म्हणत होते आणि कापत होते.

"कापलेली असेल तर मी ओळखणार कशी?" सुगंधा म्हणाली. ती केयूरशी बोलत होती की स्वतःशी, ते त्याला कळेना. "ओरडणं सगळं सारखंच वाटतं. घरी टीव्हीवर लागली असेल. जेवताना ऐकली असेल मी. आणि डाळ वाढ म्हणाले असेन."

"ताई, मी काढून टाकतो," केयूर म्हणाला. "आत्ता, तुमच्यासमोर. तुम्हाला कॉपी हवी का?"

"मला काय करायचीय? माझ्याकडे आहे."

त्याने काढून टाकली. मग सेशन बंद करू का, असं विचारलं. सुगंधा खाली गेली. भांड्यांच्या गाळ्यासमोर चहाची टपरी होती, तिथे उभी राहून तिने कोमट पाणी मागून घेतलं आणि ते हळूहळू प्यायली. वीस मिनिटांनी वर आली, बूथमध्ये बसली, हेडफोन लावला.

"चल. किंकाळीपासून."

"ताई, डॉक्टरने..."

"तू माझा डॉक्टर नाहीस. ऑर्लाला खोटी किंकाळीच शोभेल. तिच्या तोंडी ती घालायची नाही."

तिने दिली. एका टेकमध्ये. सुरेख, गोल, जिथे फाटायची तिथे फाटणारी, आणि पूर्ण खोटी. ड्रायव्हर मेला. पुढच्या परिच्छेदात कॉर्मॅकने ऑर्लाला उचललं आणि त्याचे डोळे वादळी समुद्रासारखे दिसले. सुगंधाने तेही वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घोगऱ्या आवाजात, तिने श्रुतिकाला फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"त्या बसड्रायव्हरला नाव दे."

केयूरने श्रुतिकाला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं.

"नाही देता येणार, मावशी."

"काय जातंय तुझं? एक नाव. कुठलंही."

"मलाही त्याचं वाईट वाटलं होतं भाषांतर करताना. पण लेखिकेने नाव दिलेलं नाही. मी घातलं तर तिने केलेली चूक मी झाकल्यासारखं होईल. तिला तो माणूस वाटला नाही, हे दिसू दे ना ऐकणाऱ्याला."

श्रुतिकाला वाटलं, आता शिव्या येणार.

"जबडा कसा पटकन बदललास," सुगंधा म्हणाली, "आणि इथे अडून बसलीस." आणि फोन ठेवला. पण त्यानंतर तिने न विचारता एकही वाक्य बदललं नाही. शंका आली की पानावर खूण करायची आणि श्रुतिकाला विचारायची. विचारायचा सूर तोच, खडूस.

मानसीला कळलं तेव्हा ती भडकली. वकिलाला भेटू म्हणाली, नोटीस पाठवू म्हणाली.

"कुणाला पाठवतेस? देवदत्त मेला सहा वर्षांपूर्वी. मी जाऊन आले त्याच्या घरी. त्याच्या बायकोजवळ बसले, रडले. पैसे न घेता रडले मी त्याच्यासाठी."

"मग सोडून द्यायचं?"

"सोडून देत नाही. त्याला मी मनातल्या मनात रोज बोलते."

केयूरने मात्र ओळखीच्या सगळ्या साउंडवाल्यांना लिहिलं. अकराजणांना. चौघांनी फाइल काढून टाकल्याचं कळवलं, सहाजणांचं काही आलं नाही. एकाने मात्र उलट लिहिलं की ती आमची सगळ्यात भारी किंकाळी आहे, ह्या मॅडम अजून काम करतात का, नंबर मिळेल का. केयूरने ते भीतभीत सुगंधाला दाखवलं. सुगंधाने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मोठ्याने हसली.

"दे नंबर," ती म्हणाली. "बोलायचंच आहे मला त्याच्याशी." ती त्याच्याशी काय बोलली ते केयूरला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाचाही निरोप आला की फाइल काढली आहे आणि कृपा करून मॅडमना परत फोन करू नका म्हणून सांगा.

चौथा भाग झाला, पाचवा आला. शेवटी ऑर्ला आपला आवाज देऊन टाकते, त्या बदल्यात कॉर्मॅक चारचौघांसारखा मरण असलेला माणूस होतो आणि दोघं शाळेच्या मैदानावर नाचतात. शेवटचं प्रकरण वाचायच्या दिवशी श्रुतिका मुलुंडहून आली आणि केयूरच्या बाजूला बसली. सुगंधाने एकदाही न अडखळता प्रकरण संपवलं. हेडफोन काढून बाहेर आली तर श्रुतिका ओढणीने डोळे पुसत होती.

"रडतेस काय?" सुगंधा म्हणाली. "आवाज गेला म्हणून ती बया खूश होऊन नाचतेय, आणि तू रडतेस. एवढं वाईट लिहिलेलं आहे."

"तुम्ही वाचलंत चांगलं."

"ते मला येतं."

दोघी एकत्र जिना उतरल्या. खाली मशीन जोरात चालू होतं, त्यामुळे गाळ्यापुढून जाईपर्यंत बोलता आलं नाही. रस्त्यावर आल्यावर श्रुतिकाने विचारलं, "मावशी, खरं सांगा. पाच भागांत तुम्हाला काहीच आवडलं नाही?"

सुगंधाने रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली नाही. दुसरीला हात केला. मग खरोखरच विचार केला.

"दुसऱ्या भागात तिची आजी आणि आई भांड्यावरून भांडतात. ते बरं आहे. तेवढं खरं वाटतं."

"तीन पानं आहेत फक्त ती."

"हां," सुगंधा म्हणाली, "तीनच." रिक्षा थांबली होती. ती आत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला बोरीवली ईस्ट, काजूपाडा, असं घसा राखून, हळू आवाजात सांगितलं.